हिमोग्लोबिन ७.१ : माझ्या रक्ताचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत गणित शिकवते. नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरतात. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायचं, भिंतीला हात लावायचा, धडधड कमी झाली की पुढच्या पायऱ्या चढायच्या, हे इतकं नेहमीचं झालं होतं की मुलं मला तिथे बघून बाजूने निघून जायची. कानात सतत सूं आवाज. फळ्यावर एक प्रमेय लिहून होईपर्यंत हात भरून यायचा. रात्री अंथरुणावर पडलं की पाय एका जागी राहत नसत, सारखे हलवावेसे वाटत. केस तर विंचरायला नको, असे गळत होते.

आणि तांदूळ. तांदूळ निवडायला घेतले की मूठभर कच्चे दाणे तोंडात गेलेलेच असायचे. उन्हाळ्यात फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खायची. आमच्या भागात कितीतरी बायका आणि मुली चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल, भाजलेला खापराचा तुकडा खातात. घरातले त्यांच्यावर ओरडतात, लपवून ठेवतात. डॉक्टरांनी मला ‘काही विचित्र खावंसं वाटतं का?’ असं विचारलं, तेव्हा मी चमकलेच. याला पायका म्हणतात, आणि अंगातलं लोह तळाला गेल्याची ती एक मोठी खूण असते. लोह भरून निघालं की ओढ आपोआप जाते. पेन्सिल खाणाऱ्या पोरीला रागावण्याऐवजी तिचं रक्त तपासून घ्या, हे मी आता पालकसभेत दरवेळी सांगते.

‘तुमच्यात रक्त कमी आहे’ हे वाक्य मी पहिल्या बाळंतपणापासून ऐकत आले होते. ते ऐकलं की पुढचं ठरलेलं असायचं: टॉनिकची बाटली, बीट खा, डाळिंब खा, खजूर खा. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. का कमी आहे, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून त्यांनी रक्त वाढतं असा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही आणि डाळिंबात त्याहून कमी. फळं म्हणून ती उत्तमच, पण त्यांच्या भरवशावर माझ्यासारखीचा खड्डा भरणं शक्य नव्हतं.

नागपूरला भावाकडे गेले असताना त्याच्या बिऱ्हाडाच्या दुसऱ्या मजल्यावर चढून मी पायरीवरच बसले. वहिनी दुसऱ्याच दिवशी मला फिजिशियन मॅडमकडे घेऊन गेली. त्यांनी सीबीसी सांगितलं, म्हणजे रक्ताची साधी पूर्ण तपासणी. हिमोग्लोबिन आलं ७.१. माझ्या वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ हवं, गरोदरपणात ११, पुरुषाला १३.

मॅडमनी माझी खालची पापणी ओढून बघितली. जीभ बघितली, ती गुळगुळीत झाली होती आणि ओठांचे कोपरे चिरले होते. नखं बघितली. माझी नखं मधे खोल गेली होती आणि कडा वर आल्या होत्या. मग त्यांनी माझे दोन्ही हात उलटे करून बोटांच्या सांध्यांवर आलेला काळेपणा बराच वेळ न्याहाळला आणि कागदावर काहीतरी टिपून ठेवलं. छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणाल्या, ‘हृदयातून मर्मर ऐकू येतेय. झडपेचा आजार वाटत नाही. रक्त पातळ पडलंय, ते जोरात वाहतंय, त्याचा आवाज आहे. पण मॅडम, असंच चालू राहिलं तर हृदय थकेल.’

नंतर त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. गणिताची शिक्षिका म्हटल्यावर त्यांनाही उत्साह आला असावा. हिमोग्लोबिनच्या खालचे आकडे कुणी वाचतच नाही, खरी गोष्ट तिथे लिहिलेली असते, असं त्यांचं म्हणणं. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० च्या दरम्यान असायला हवं, माझं ६५.६ होतं. पेशी बारीक आणि फिक्या. पेशी बारीक होण्याची आपल्याकडे दोन मोठी कारणं: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचं वाहकपण. दोन्हींत रक्त कमी दिसतं, पण उपाय अगदी वेगळे. थॅलेसेमियाचा वाहक बारीक पेशी भरपूर संख्येने बनवतो, लोह कमी असलेल्याला तेवढ्याही जमत नाहीत. म्हणून एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागून पाहायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाची शंका, वर आलं तर लोहाची. माझ्या लाल पेशी होत्या ३.७५ दशलक्ष. भागाकार मी तिथेच केला, साडेसतरा. हा फक्त अंदाज, पक्कं निदान नव्हे, म्हणून अंगातल्या लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणी सांगितली.

फेरिटिन ४.२ आलं. मॅडम म्हणाल्या, ‘हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य. तुमची कोठी कधीचीच रिकामी झाली, आत्ता डबा खरवडणं चाललंय.’ घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे एका वाक्यात कळेल. थकवा, केस गळणं, पाय हलवावेसे वाटणं हे कोठी रिकामी झाली की सुरू होऊ शकतं, डबा भरलेला असतानासुद्धा. कित्येकींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असतं आणि त्रास मात्र हाच असतो.

एचपीएलसीचा कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा एखादा आलेखच वाटला, चढ-उतारांचा. ए-टू नावाचं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचं वाहकपण धरतात. माझं २.६ होतं. पण लोह फार कमी असेल तर हा आकडाही खोटा खाली येतो, म्हणून लोह भरल्यावर चाचणी पुन्हा करायची असं ठरलं. त्याच कागदावर ‘एस’ची खिडकी असते, सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाची. विदर्भातल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर ती आधी बघतात. माझी रिकामी होती.

एवढं झाल्यावर मॅडमनी खरा प्रश्न विचारला: ‘लोह जातंय कुठे? पाळीत पॅड किती वेळाने बदलता? गाठी पडतात का?’

पाळी खूप जाते हे मला माहीत होतं, पण आईला, बहिणीला, मावशीला, सगळ्यांनाच तशी जायची. घरात ज्याला ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणतात ते निरोगी असेलच असं नाही. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त. दोन मिलिलिटर रक्तासोबत साधारण १ मिलिग्रॅम लोह जातं. समजा महिन्याला १२० मिलिलिटर गेलं, तर ६० मिलिग्रॅम लोह, म्हणजे दिवसाला २. शिवाय कातडी, आतडी यांतून रोज १ मिलिग्रॅम प्रत्येकाचंच जातं. जेवणातून आतडं दिवसाला शोषतं १ ते २ मिलिग्रॅम. रोज १ मिलिग्रॅमची तूट धरली तरी वर्षाला साडेतीनशेच्या वर, आणि बाईच्या अंगात राखीव लोह असतं जेमतेम ३०० मिलिग्रॅम. हा हिशेब मी त्या रात्री भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर केला आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी, कामचुकार समजत होते.

सोनोग्राफीत गर्भाशय सुजल्यासारखं मोठं आणि भिंतीत एक छोटी गाठ दिसली. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला निघाला. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत मला ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असा सल्ला मिळाला होता. आपल्याकडे हा सल्ला फार पटकन दिला जातो आणि बायका तो फार पटकन घेतात. कधी कधी पिशवी काढणं खरंच लागतं. पण ७.१ हिमोग्लोबिनवर ठरवून करायचं ऑपरेशन धोक्याचं, आणि त्याआधी करून बघण्यासारखं बरंच असतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव रोखणारी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी दिली आणि पुढे हॉर्मोन सोडणारी टी बसवली. ती तांबीसारखी दिसते, पण तिच्यात तांबं नसतं. साध्या तांबीने पाळी वाढू शकते, हिने उलट कमी होते. पहिले काही महिने थेंब-थेंब चालू राहिलं, वैताग आला, मग पाळी अगदी अल्प झाली. नळ बंद केल्याशिवाय टाकी भरायला घेऊ नये, एवढं तर गणिताच्या पुस्तकातलं उदाहरणसुद्धा शिकवतं.

लोह भरायचं कसं? गोळ्या स्वस्त आणि चांगल्या. बहुतेकांना त्याच पुरतात. त्यांत एक गोष्ट मला नवी होती. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्याचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धवट बंद करतं. म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्या खाऊन पोट बिघडवून घेण्यापेक्षा दिवसाआड एक घेतली तर त्यातलं लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहापासून लांब ठेवायची, लिंबू किंवा आवळा जवळ. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. आमच्याकडे सकाळी गोळी आणि लगेच कपभर चहा, हेच सगळीकडे चालतं.

माझी तूट मात्र गोळ्यांनी भरायला फार लांबली असती, म्हणून शिरेतून लोह द्यायचं ठरलं. रक्त चढवायचं का, हा प्रश्न भावाने विचारला. मॅडम म्हणाल्या, नाडी-रक्तदाब ठीक आहे, शरीराने सावकाश जुळवून घेतलंय, आणि एका पिशवीतून जेमतेम २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं. लोहच कमी आहे तर लोहच देऊ. किती द्यायचं याचं सूत्र असतं: वजन गुणिले हव्या आणि असलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक गुणिले २.४, अधिक कोठीसाठी ५००. माझं वजन ५४, फरक १५ वजा ७.१ म्हणजे ७.९. उत्तर १५२४ च्या आसपास. एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंतच देता येतं, म्हणून आधी १००० आणि आठवड्याने ५००.

डे-केअरमधल्या नर्सने फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजच्या कुप्या सलाइनच्या बाटलीत मिसळल्या तेव्हा ते पाणी गडद तपकिरी झालं. सुई शिरेत नीट आहे ना, हे तिने साध्या सलाइनने दोनदा तपासलं, कारण हे औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर कायमचा तपकिरी डाग राहू शकतो. सुरुवातीला अगदी सावकाश सोडलं. घसा खाजतोय का, छाती दाटतेय का, असं विचारत ती शेजारीच उभी होती. संपल्यावरही अर्धा तास बसवून ठेवलं. मला तोंडाला फक्त धातूसारखी चव आली आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं.

त्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडून आलेला एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा असेल. त्यालाही ‘रक्त कमी’च होतं. डोळे पिवळे, गुडघे पोटाशी घेतलेले. त्याची आई सांगत होती, ‘थंडी पडली का याचे हाडं दुखतेत जी मॅडम. लोकं म्हणत, कावीळ हाय, झाडपाला द्या. टॉनिक देऊन देऊन थकलो आम्ही.’ त्याला सिकलसेल होता, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही दोष आलेला. आपली लाल पेशी १२० दिवस जगते, त्याची १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतला रंग डोळ्यांत उतरतो म्हणून ते पिवळे. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं सहाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, तेवढ्याने प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराची वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तीच ती हाडांतली वेदना. या मुलाच्या अंगात लोहाची तूट नव्हती. अशांना तपासल्याशिवाय लोहाची बाटली पाजत राहणं निरुपयोगी, आणि वारंवार रक्त चढवावं लागत असेल तर घातकसुद्धा, कारण जादा लोह काढून टाकायची वाट शरीराला नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांचं हेच होतं. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि वर साठलेलं लोह बाहेर काढायची औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात.

ती माउली बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या आठवीतला एक विद्यार्थी येत होता. हिवाळ्यात आठवडा-आठवडा गैरहजर, गुडघे धरून बसणारा, खेळाच्या तासाला कधी मैदानावर नाही, डोळे पिवळसर. शाळेत तपासणीचं शिबिर झालं होतं, त्या दिवशीही तो आजारी म्हणून घरीच होता.

गावी परतल्यावर मी त्याच्या आई-वडिलांना भेटायला गेले आणि आशाताईंनाही सोबत घेतलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी झाली. नळीतलं पाणी गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनात, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एचपीएलसी. तो एसएस निघाला, आई आणि वडील दोघेही एएस, म्हणजे वाहक. त्यांना आयुष्यात कसलाच त्रास नव्हता, म्हणून कळायचं कारणच नव्हतं.

वडिलांनी विचारलं, ‘चारातलं एक पोरगं आजारी निघते म्हंतेत, म्हणजे एक झालं, आता बाकीचे बरे ना?’ तिथे मी गणिताची शिक्षिका झाले. आईचं एक नाणं, वडिलांचं एक, आणि दोन्ही प्रत्येक वेळी नव्याने उडतात. प्रत्येक गरोदरपणात पाव शक्यता रुग्णाची, अर्धी वाहकाची, पाव पूर्ण निरोगी मुलाची. मागच्या मुलाचं काय झालं हे नाण्याला आठवत नाही. धाकट्या बहिणीची तपासणी केली, ती वाहक निघाली. तिला औषध लागत नाही, पण लग्न ठरवताना समोरच्याची चाचणी बघायची, हे तिच्या आईला मी आत्ताच सांगून ठेवलं. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात झाली. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली २०२३ च्या जुलैत, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवून. आमच्या गावात मी एवढंच बघते की शिबिराच्या दिवशी जो गैरहजर असतो त्याचं नाव वेगळं लिहून ठेवायला हवं, कारण बहुधा त्यालाच तपासणीची गरज सगळ्यांत जास्त असते.

मुलाला हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. त्याने बाळपणीचं, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी वाकड्या होणं कमी होतं. शिवाय फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडीत स्वेटर, ताप आला की लगेच दवाखाना. बाटली जवळ ठेवायला आणि मधेच लघवीला जायला वर्गात त्याला मुभा आहे. तो अजूनही कधी कधी गैरहजर असतो, पण पूर्वीसारखा आठवडाभर नाही.

माझ्या बाबतीत पहिला महिना फार छान गेला. हिमोग्लोबिन ९.६ वर आलं. बर्फ-तांदळाची ओढ तर त्याआधीच गेली होती. फेरिटिन भरभक्कम. आणि मग गाडी अडली. पुढच्या तपासणीत १०.२, त्याच्या पुढच्या तपासणीतही तेवढंच. पाळी आटोक्यात, कोठी भरलेली, मग डबा का भरत नाही? तळपायांना मुंग्या येत होत्या, त्या मी पूर्वीपासून थकव्याच्याच खात्यात टाकत होते.

मॅडमनी रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टकडून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघून घेतली. मशीन सरासरी सांगतं, डोळा प्रत्येक पेशी बघतो. काही पेशी बारीक फिक्या, काही मोठ्या लंबगोल, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे नेहमीपेक्षा जास्त तुकडे. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, पहिल्यापासूनच खूप होती. बी-१२ तपासलं, ते निघालं ११८. किमान २०० हवं. बोटांच्या सांध्यांवरचा तो काळेपणा याचाच होता. मॅडमनी पहिल्या दिवशी टिपलेली ओळ मला काढून दाखवली.

म्हणजे एकाच अंगात दोन अ‍ॅनिमिया होते. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकत्र असले की सरासरी फसवते. लोह भरल्यावर दुसरा उघडा पडला. बी-१२ नसेल तर पेशीचं केंद्रक वेळेवर तयार होत नाही, पेशी फुगत राहते आणि अस्थिमज्जेतच मरते. शिवाय मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, म्हणून मुंग्या, बधिरता, तोल जाणं, विसरभोळेपणा.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सासर माळकरी, लग्नापासून मी शाकाहारी. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताकातून मिळतं, आणि माझ्या वाट्याचं दूध म्हणजे चहात पडेल तेवढं. बाकीचं मुलांना आणि सासूबाईंना. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून त्रास लग्नानंतर लगेच न होता फार उशिरा वर आला. पर्निशस अ‍ॅनिमिया नाही ना, हेही तपासलं. त्यात जठर इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन बनवत नाही आणि खाल्लेलं बी-१२ शोषलंच जात नाही. ते नव्हतं.

याच सुमारास मी लूसी विल्स यांच्याबद्दल वाचलं आणि भारावून गेले. ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून तिने गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांचा अभ्यास केला, ज्यांच्या लाल पेशी मोठ्या होत होत्या आणि ज्या बाळंतपणात दगावत होत्या. जंतू सापडतो का हे तिने शोधलं, मग त्यांच्या ताटात काय असतं ते बघितलं. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माईट, दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्यातल्या घटकाला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणत. तेच आजचं फॉलिक अ‍ॅसिड. गरोदर बायांना सरकारी दवाखान्यात लोहासोबत एकाच गोळीत ते मिळतं, त्याचं मूळ परळच्या चाळींत आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? त्याला एक सावधगिरीची बाजूही आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं. म्हणून पायाला मुंग्या असतील तर बी-१२ तपासल्याशिवाय समाधान मानू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया सापडला, देशात ५७ टक्के. निम्म्याहून जास्त. ही संख्या वाचून आपण हळहळतो आणि गोळ्यांचं वाटप वाढवतो. गोळ्या हव्यातच, त्यांनी असंख्य बायकांचं भलं झालंय. पण त्या ५४ टक्क्यांत माझ्यासारखी पाळीने रिकामी झालेली आहे, बी-१२ नसलेली आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची आहे, मूत्रपिंड निकामी झाल्याने एरिथ्रोपॉएटिन हे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक न बनणारी आहे, संधिवातासारख्या जुनाट आजारामुळे साठा असूनही लोह वापरता न येणारी आहे. सगळ्यांना एकच बाटली देऊन कसं चालेल? सीबीसीचा पूर्ण कागद वाचायला फार वेळ लागत नाही. गोळी देऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन एका अंकाने तरी वाढलं का, एवढं बघितलं तरी कितीतरी जणी वेळेत पुढच्या तपासणीला जातील.

माझी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. नंतर सासूबाईंचंही रक्त तपासून घेतलं. त्या मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात आणि त्याने बी-१२ चं शोषण घटतं. त्यांची एमसीव्ही १०८ आली आणि बी-१२ १६०. त्यांचं हिमोग्लोबिन १०.९ होतं, म्हणून आजवर कुणी काळजीच केली नव्हती. त्यांचा पहिला प्रश्न औषधाच्या किमतीचा नव्हता. त्या म्हणाल्या, ‘कायपासून बनते हे? मासामटनाचं तं नाही ना? माळ हाय माझ्या गळ्यात.’ मी मॅडमना फोन करून विचारलं. हे जीवनसत्त्व मुळात जंतूच बनवतात, प्राण्यांच्या अंगात तेही तिथूनच येतं, आणि औषधासाठी कारखान्यात जंतूंचं किण्वन करूनच ते तयार करतात, दही विरजतं त्याच जातीची क्रिया. हे ऐकल्यावर त्या तयार झाल्या. घरात शाकाहार सुटला नाही. मी रोज वाटीभर दही आणि पेलाभर ताक घ्यायला लागले, आणि घरात दुधाची वाटणी बदलली.

माझं हिमोग्लोबिन आता १२.८ आहे, एमसीव्ही ८९. लोह भरल्यावर पुन्हा केलेल्या एचपीएलसीत ए-टू २.९ आलं, म्हणजे थॅलेसेमियाची शंका मिटली. दहावीचा वर्ग वरच आहे आणि जिना मी न थांबता चढते. पायाच्या अंगठ्यांतली बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही. मज्जातंतू सावकाश भरून येतात, काही वेळा पूर्ण भरत नाहीत, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. फेरिटिन दर सहा महिन्यांनी बघायचं, टी आहे तोवर पाळीवर लक्ष ठेवायचं. यंदा मुलीलाही पाळी सुरू झाली, तेव्हा तिची पहिली सीबीसी आणि फेरिटिन मी याच महिन्यात करून घेतली. तिचं हिमोग्लोबिन १२.१ आहे, फेरिटिन ११. दिवसाआड एक गोळी, लिंबूपाण्याबरोबर, सुरू केली आहे.